शाळा घरी आली, पण मुलाशेजारी कोण बसले? दूरशिक्षण आणि विशेष गरजांच्या मुलांचा शंभर वर्षांचा इतिहास

१/
शिकागो, सोमवार, १३ सप्टेंबर १९३७. पोलिओच्या साथीमुळे शहरातील शाळांची दारे बंद होती, लस यायला अजून अठरा वर्षे होती. त्या सकाळी तिसरी ते आठवीच्या तीन लाखांहून अधिक मुलांची शाळा रेडिओवर भरली. ‘घरून शाळा’ ही कल्पना २०२० साली जन्मली असे मानणाऱ्यांनी इथून सुरुवात करावी.

२/
व्यवस्था चोख होती. नभोवाणी केंद्रांनी वेळ विनामूल्य दिला. रोजचे वेळापत्रक, प्रश्न आणि गृहपाठ सकाळच्या वर्तमानपत्रांत छापून येत. प्रत्येक पाठ पंधरा मिनिटांचा. एके दिवशी विज्ञान आणि सामाजिक शास्त्रे, तर दुसऱ्या दिवशी इंग्रजी आणि गणित. पालकांच्या शंकांसाठी दूरध्वनीवर शिक्षक बसवले होते. पहिल्याच दिवशी हजारावर फोन आले आणि शिक्षकांची संख्या वाढवावी लागली.

३/
उणिवाही पहिल्याच आठवड्यात दिसल्या. काही घरांत रेडिओ नव्हता, काही ठिकाणी आवाज स्पष्ट येत नव्हता. त्याहून गंभीर तक्रार वेगळी होती. पाठ फार वेगाने पुढे सरकत, आणि मागे राहिलेल्या मुलाला रेडिओ थांबवता येत नसे. ज्या मुलांना मदतीची सर्वांत कमी गरज होती, त्यांनाच या पाठांचा सर्वाधिक लाभ झाला, असे तेव्हाच लक्षात आले. हे निरीक्षण पुढील शतकभर पुन्हा पुन्हा खरे ठरणार होते.

४/
रेडिओ सर्वांशी एकाच वेगाने बोलतो. वर्गात शिक्षक मुलाचा चेहरा पाहतो, थांबतो, वाक्य पुन्हा सांगतो. ज्या मुलाला ऐकू येत नाही, दिसत नाही, ज्याचे लक्ष चटकन विचलित होते किंवा ज्याला एक गोष्ट दहादा सांगावी लागते, त्याच्यासाठी हे थांबणे हेच शिक्षण असते. म्हणून दूरशिक्षणाचा इतिहास यंत्रांच्या क्रमाने लिहिला, तर त्यातली खरी कथा निसटते. प्रश्न हा, की तारेच्या या टोकाला, मुलाशेजारी, कोण बसले होते?

५/
थोडे मागे जाऊ. १९२० साली शिकागोजवळच्या विनेटका गावात विल्यम हॅडली नावाच्या माजी शिक्षकाने टपालाने चालणारी शाळा काढली. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी त्यांची दृष्टी गेली होती. ब्रेल त्यांनी स्वतःच शिकून घेतले. अंधत्वानंतर पुन्हा वाचू इच्छिणाऱ्या, पण शाळेपासून दूर राहणाऱ्या माणसांचे काय, हा प्रश्न त्यांना स्वानुभवातून पडला. नेत्रतज्ज्ञ डॉ. ई. व्ही. एल. ब्राउन त्यांचे साथीदार झाले. पहिली विद्यार्थिनी होती कॅन्सस राज्यातील शेतावर राहणारी एक स्त्री.

६/
ही शाळा चालली, याचे एक कारण तिच्याआधीचा एक कायदा होता. अंधांसाठीचे वाचनसाहित्य टपालाने विनामूल्य पाठवण्याची सोय अमेरिकेत १९०४ पासूनच होती. ब्रेलची पुस्तके जाडजूड आणि वजनदार असतात. टपालखर्च द्यावा लागला असता, तर गरीब विद्यार्थ्याची शाळा पहिल्याच पुडक्यापाशी थांबली असती. भारतीय टपाल खात्यानेही अंधांच्या साहित्याला अशी सवलत दिलेली आहे.

७/
टपालाची शाळा अतिशय संथ, पण तिच्यात एक गुण होता जो शिकागोच्या रेडिओत नव्हता. ती एकेका विद्यार्थ्याची वाट पाहत असे. धडा जाई, उत्तर येई, चुका तपासून पुढचा धडा निघे. वेग विद्यार्थ्याचा आणि शिक्षक त्याच्या मागोमाग.

८/
पुढचे पाऊल टेलिफोनचे. १९३९ साली अमेरिकेतील आयोवा राज्यात आजारपणामुळे किंवा अपंगत्वामुळे घरी खिळलेल्या विद्यार्थ्यांना टेलिफोनच्या तारेने वर्गाशी जोडण्याचे प्रयोग सुरू झाले. फरक लहान वाटतो, पण मूलभूत आहे. रेडिओवर मूल केवळ श्रोता होते. इथे ते खाटेवरून उत्तर देऊ शकत होते, वर्गातला विनोद ऐकू शकत होते. शाळा म्हणजे धडा आणि शाळा म्हणजे सोबतही. किशोरवयीन मुलासाठी तर सोबत अनेकदा धड्याहून मोठी.

९/
आता कथा एका आईकडे वळते. १९२४ साली जन्मलेला जॉन दहा महिन्यांचा असताना एक दार जोरात आपटले. मूल जागे झाले नाही. आई, लुईझ ट्रेसी, हाका मारत जवळ गेली, आणि मुलाला ऐकू येत नाही हे तिला कळले. वडील स्पेन्सर ट्रेसी पुढे हॉलिवूडचे नामवंत अभिनेते झाले. मुलाला बोलायला आणि समजून घ्यायला शिकवण्याचे काम मात्र आईने वर्षानुवर्षे घरी केले.

१०/
१९४२ साली लुईझ यांनी लॉस एंजेलिसमध्ये जॉन ट्रेसी क्लिनिक स्थापन केले आणि १९४३ पासून टपालाने अभ्यासक्रम सुरू केला. त्याचे वेगळेपण असे, की टपाल येई ते मुलासाठी नव्हे, तर आईवडिलांसाठी. कर्णबधिर मुलाशी कसे बोलावे, खेळातून काय शिकवावे, निराशेला कसे सामोरे जावे, हे त्यात असे आणि शुल्क काहीही नसे. मुलाशेजारी जो बसणार आहे, त्यालाच आधी शिकवले पाहिजे, हे या अभ्यासक्रमाचे सूत्र होते.

११/
या पद्धतीवर आक्षेपही आहेत. तिचा सारा भर बोलण्यावर आणि ओठवाचनावर होता. खुणांची भाषा ही कर्णबधिर समाजाची स्वतःची भाषा आहे, तिला दूर ठेवल्याने मुलांचे नुकसान होते, ही भूमिका पुढे जोरकसपणे मांडली गेली. तो वाद आजही संपलेला नाही. पण पालकाला शिकवण्याचे सूत्र दोन्ही पक्षांना मान्य होण्याजोगे आहे. मग विषय बोलण्याचा असो वा खुणांचा.

१२/
ऑस्ट्रेलियात हेच सूत्र निराळ्या वाटेने आले. आल्फ्रेड ट्रेगर यांनी १९२९ च्या सुमारास पायाने चालवायचा रेडिओसंच तयार केला. सायकलसारखे पेडल मारले की वीज निर्माण होई. हा संच उडत्या डॉक्टर सेवेसाठी होता. शिक्षणक्षेत्रातील ॲडिलेड मिएथके यांना सुचले की, याच रेडिओवरून शेकडो मैल दूर राहणारी मुले एकमेकांशी बोलू शकतील. १९५१ साली ॲलिस स्प्रिंग्ज येथे ‘स्कूल ऑफ द एअर’ सुरू झाली.

१३/
या हवेतल्या शाळेने एक गोष्ट गृहीत धरली नाही, उलट लिहून ठेवली. प्रत्येक मुलाजवळ घरी एक मोठे माणूस हवे. त्याला ‘होम ट्यूटर’ म्हणजे गृहशिक्षक असे नाव मिळाले. बहुधा ती आईच असे. रेडिओवरचा पाठ थोडा वेळ चाले. उरलेला दिवस ती वह्या, चुका, कंटाळा आणि रुसवे सांभाळी. तिच्या श्रमाला निदान एक नाव मिळाले, जे अन्यत्र क्वचितच मिळाले.

१४/
भारतात ही कथा कायद्याच्या भाषेत वाचावी लागते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने ६ ते १४ वयाच्या मुलांना हक्क दिला. २०१२ च्या दुरुस्तीने बहुविकलांग आणि तीव्र अपंगत्व असलेल्या मुलांना घरी राहून शिकण्याचा पर्यायही दिला. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मान्य केले आणि लक्षणीय अपंगत्व असलेल्या मुलांचा मोफत शिक्षणाचा हक्क १८ वर्षांपर्यंत नेला.

१५/
चौदा आणि अठरा या दोन आकड्यांमधली चार वर्षे म्हणजे आठवीनंतरचा उंबरठा. विषय कठीण होतात, मित्रांचे जग बदलते, दहावी समोर येते. अनेक विशेष गरजांच्या मुलांची शाळा नेमकी याच काळात सुटते. घरी शिकण्याचा पर्याय दुधारी आहे. ज्याला खरोखर बाहेर पडता येत नाही त्याच्यासाठी तो हक्क, आणि ज्या शाळेला त्याच्यासाठी उतार बांधायचा नाही तिच्यासाठी ती पळवाट. पर्याय कोणाचा, मुलाचा की शाळेचा, यावर सारे अवलंबून आहे.

१६/
मार्च २०२०. महाराष्ट्रातील शाळा बंद झाल्या, आणि एका फटक्यात प्रत्येक मूल घरी शिकणारे मूल झाले. मे महिन्यात केंद्राने ‘पीएम ई-विद्या’ जाहीर केली. तिच्यात दृष्टिबाधित व कर्णबधिर मुलांसाठीच्या साहित्याचाही उल्लेख होता. राज्यात सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ आली, पण ती पहिली ते आठवीसाठी. बाकीचा वर्ग भरला तो मोबाइलवर.

१७/
शिकागोच्या साऱ्या उणिवा नव्या वेषात परतल्या. पुस्तकाच्या पानाचा फोटो व्हॉट्सॲपवर येई. स्क्रीन रीडरला ते चित्र वाचता येत नसे, आणि दृष्टिहीन मुलीच्या हाती केवळ शांतता पडे. व्हिडिओंना मथळे नसत, दुभाषा नसे. बाहेर पडले तर मुखपट्टीने ओठ झाकलेले, म्हणजे ओठवाचन करणाऱ्या मुलाची उरलीसुरली वाटही बंद. स्वमग्न मुलाला ज्या ठरलेल्या दिनक्रमाचा आधार असतो, तो तर रातोरात मोडला होता. भौतिकोपचार आणि वाचोपचार थांबले ते वेगळेच.

१८/
सर्वांत कमी बोलले गेले ते निवासी विशेष शाळांविषयी. वसतिगृहे रिकामी झाली आणि कर्णबधिर मुले गावी परतली. बहुतेक कर्णबधिर मुलांचे आईवडील ऐकू येणारे असतात, त्यातल्या अनेकांना खुणांची भाषा येत नाही. पंधरा वर्षांचा मुलगा वसतिगृहात मित्रांशी तासन्‌तास गप्पा मारणारा. घरी आल्यावर त्याच्याशी बोलणे ‘जेवलास का’, ‘झोप’ एवढ्यावर आले. अशा मुलाचे अभ्यासाबरोबर संभाषणही बंद पडले. ऐंशी वर्षांपूर्वी टपालाने पालकांना शिकवणाऱ्या त्या अभ्यासक्रमाची आठवण इथे अपरिहार्यपणे होते.

१९/
किशोरवयाचा आणखी एक पेच. आठ वर्षांच्या मुलाशेजारी आई बसली तर त्याला आधार वाटतो. पंधरा वर्षांच्या मुलीला मात्र वर्गमित्रांसमोर कॅमेऱ्यात आई दिसणे नकोसे वाटते. मदत हवी, पण मदत दिसायला नको. म्हणून या वयात सोबतीची कला बदलावी लागते. दिवसाचे वेळापत्रक मुलाकडूनच लिहून घ्यायचे. मोठे काम लहान तुकड्यांत मांडायचे. तासाच्या सुरुवातीला शेजारी, मग खोलीच्या दारात, मग हाकेच्या अंतरावर. आधार उभा करताना तो कसा काढून घ्यायचा, हेही ठरवावे लागते.

२०/
त्या काळाने काही दिलेही. ध्वनिमुद्रित पाठ थांबवता येई, मागे नेता येई. हॅडलींच्या टपालाचा संयम पुन्हा हाती आला. चाकाच्या खुर्चीतल्या मुलाला शाळेचा जिना चढायचा नव्हता. तोतरे बोलणाऱ्या मुलीला उत्तर लिहून देता येत होते. काही मुलांना वर्गातल्या चिडवण्यापासून सुटका मिळाली. घरून शिकणे सर्वांसाठी वाईट, असा सरसकट निष्कर्ष म्हणूनच टिकत नाही.

२१/
संस्थात्मक पातळीवरही हालचाल झाली. ६ ऑक्टोबर २०२० रोजी एनसीईआरटी आणि भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र यांच्यात पाठ्यपुस्तके खुणांच्या भाषेत आणण्याचा करार झाला. फेब्रुवारी २०२१ मध्ये या केंद्राच्या शब्दकोशाची तिसरी आवृत्ती १०,००० शब्दांसह आली. जुलै २०२१ मध्ये सांकेतिक भाषेला माध्यमिक स्तरावर भाषाविषयाचा दर्जा देण्याची घोषणा झाली आणि राष्ट्रीय मुक्त विद्यालयाने तो विषय सुरू केला.

२२/
मुक्त विद्यालय हे या कथेतले शांतपणे काम करणारे पात्र. १९७९ मध्ये सीबीएसईचा एक प्रकल्प म्हणून सुरुवात, १९८९ मध्ये स्वतंत्र संस्था. विषय निवडायचे, परीक्षा एका दमात न देता टप्प्याटप्प्याने द्यायची. ज्या मुलाला सहा विषय एका मार्चमध्ये पेलणे अशक्य, त्याला दहावीपर्यंत नेणारी ही वाट महामारीच्या कितीतरी आधीपासून खुली होती. घाई न करण्याचा हक्क हा या व्यवस्थेचा गाभा.

२३/
आता शंभर वर्षे एका ओळीत मांडून पाहू. टपाल, रेडिओ, टेलिफोन, पेडलचा संच, दूरचित्रवाणी, मोबाइल. प्रत्येक यंत्राच्या आगमनाला ‘आता शिक्षण सर्वांपर्यंत पोहोचेल’ असे म्हटले गेले. प्रत्येक वेळी ते मुलाच्या दारापर्यंत पोहोचले. दारापासून मनापर्यंतचे अंतर कोणीतरी माणसाने पार केले. बहुधा आईने, कधी भावंडाने, कधी पायपीट करणाऱ्या विशेष शिक्षकाने.

२४/
इतिहासात यंत्र शोधणाऱ्यांची नावे राहतात. शेजारी बसणाऱ्यांची राहत नाहीत, कारण त्यांनी मागे ठेवलेले कागद म्हणजे गृहपाठाच्या वह्या, आणि त्या रद्दीत जातात. पुढची साथ येईल तेव्हा धोरण आखणाऱ्यांनी ‘किती घरांत उपकरण आहे’ एवढेच मोजून थांबू नये. त्या उपकरणाशेजारी कोण बसणार आहे, त्याला कोणी शिकवले आहे, आणि त्याला विसावा कोण देणार आहे, हेही विचारावे. १९३७ च्या त्या सोमवारी शिकागोतल्या मागे पडलेल्या मुलांनी हाच प्रश्न मूकपणे विचारला होता.

(समाप्त)