दापोलीचे प्रबंध कोणासाठी?

रत्नागिरीतली बहुतेक मुलं मुंबई विद्यापीठाची पदवी घेतात. त्यामुळे आपल्या जिल्ह्याला स्वतःचं विद्यापीठ आहे, हे आपणही विसरतो. दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ १९७२ चं. साका न होणारा ‘रत्ना’ आंबा याच विद्यापीठाच्या वेंगुर्ल्याच्या केंद्राने १९८१ मध्ये दिला. शिरगावचं मत्स्य महाविद्यालयही याच विद्यापीठाचं. आंबा आणि मासळी! कोकणातल्या कितीतरी मुस्लिम घरांची चूल यांवरच पेटते.

पण इथल्या प्राध्यापकांचं आणि विद्यार्थ्यांचं संशोधन वर्षानुवर्षं बांधीव प्रतींत, ग्रंथालयाच्या कपाटात राहिलं. जे छापून येई, ते दूरच्या नियतकालिकांत, वर्गणी भरणाऱ्यांसाठी. पगार जनतेच्या पैशातून, आणि वाचायला पुन्हा पैसे!

हे कुलूप सैल झालं ते अलीकडे. यूजीसीने २००९ मध्ये पीएचडीच्या प्रबंधाची संगणकीय प्रत सक्तीची केली, त्यातून ‘शोधगंगा’ भरत गेली. शेतीचे प्रबंध ‘कृषिकोशा’त आले, दापोलीचेही. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने २०१३ मध्ये आपल्या शास्त्रज्ञांना सांगितलं, की बाहेर छापलेल्या लेखाची प्रत संस्थेच्या खुल्या भांडारातही ठेवा. म्हणजे विद्यापीठ आणि संशोधन संस्था आता स्वतःच प्रकाशक.

मात्र मिरकरवाड्याच्या दालदी तांडेलाने मोबाईलवर हा प्रबंध उघडला, तर समोर येते इंग्रजी.

इथे उस्मानिया विद्यापीठ आठवतं. १९१८ मध्ये ते सुरू होण्याआधीच निजामाने भाषांतर विभाग उघडला. औरंगाबादेत राहून उर्दूचं काम करणारे मौलवी अब्दुल हक त्याच्या प्रमुखपदी होते. विज्ञान, वैद्यक, कायदा यांची पुस्तकं विद्यापीठासाठी उर्दूत तयार झाली. त्या ग्रंथालयातली कितीतरी जुनी पुस्तकं आज स्कॅन होऊन फुकट वाचता येतात. उर्दू ही मराठवाड्यातल्या कुणब्याची भाषा नव्हती, हे खरंच. त्या धोरणाचा तो दोष मी झाकणार नाही. पण ज्ञान देशी भाषेत आधी तयार करावं लागतं, मगच विद्यापीठ चालतं, एवढं त्यांना कळलं होतं.

दापोलीला तेवढा खर्चही नाही. प्रत्येक प्रबंधासोबत मराठीत चार पानं ‘कृषिकोशा’त चढवली तरी पुरे. मच्छीमारांची पाहणी करणारा विद्यार्थी बंदरावर प्रश्न मराठीतच विचारतो, उत्तरंही त्याला मराठीत नाहीतर कोकणीतच मिळतात. इंग्रजी येते ती नंतर, टेबलावर बसल्यावर.