इमिप्रामिन आणि घरातील मूल

विषण्णतेवरील औषधांचा इतिहास रुग्णालयात सुरू होत असला, तरी त्याचा एक दुःखद भाग घरांत घडला आहे. स्वित्झर्लंडमधील म्युन्स्टरलिंगन येथील मनोरुग्णालयात रोलांड कून यांनी इमिप्रामिनचे गुण पारखले व १९५७ साली आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली. प्रौढांसाठीचे हे औषध झोपेत अंथरूण ओले करणाऱ्या मुलांनाही उपयोगी पडते, असे १९६० साली दिसून आले. तेव्हापासून ते मुलांच्याच नावाने घरात येऊ लागले. आणि थोरल्याच्या गोळ्या धाकट्याच्या हाती लागू लागल्या. शर्करावेष्टित गोळी मुलाला खाऊसारखी वाटावी, यात नवल ते काय!

प्रौढाला सोसवणारी मात्रा मुलाला सोसत नाही. शरीराच्या दर किलोमागे सुमारे १५ मिलिग्रॅम प्राणघातक ठरू शकते. म्हणजे १० किलो वजनाच्या मुलाला २५ मिलिग्रॅमच्या अवघ्या सहा गोळ्या. हृदयपेशींत सोडियमचा प्रवेश रोखला जाऊन स्पंदनाचा ताल बिघडतो, झटकेही येतात. प्रारंभी फायसोस्टिग्मिन हा उतारा मानला गेला; परंतु तो दिल्यावर हृदय थांबल्याची उदाहरणे १९८० साली प्रसिद्ध झाली व त्याची जागा सोडियम बायकार्बोनेटने घेतली.

अमेरिकेत १९७० साली मुलांना सहज न उघडणाऱ्या वेष्टनांचा कायदा झाला व १९७४ पासून तो डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या पोटात घ्यावयाच्या बहुतेक औषधांना लागू झाला. मात्र असे झाकण वृद्धांच्या हातांनाही दाद देत नाही. म्हणून ग्राहकाने मागितल्यास साधे झाकण देण्याची मुभा त्याच कायद्यात ठेवावी लागली. आणि आजीआजोबांच्या घरी नातवंडे येतातच.