मेळ बसेपर्यंत : वित्तक्षेत्रातील उमेदवारीच्या अभ्यासाची प्रस्तावना

'उमेदवार' म्हटले की आज आपल्याला निवडणूक आठवते. मूळ फारसी अर्थ मात्र साधा आहे: आशेवर असलेला माणूस. मराठी कचेऱ्यांत हा शब्द रुजला तो नोकरी मिळेल या आशेने आधी काम शिकणाऱ्या मुलांमुळे. 'अमक्याकडे दोन वर्षे उमेदवारी केली' असे जुनी माणसे सांगत, तेव्हा त्यात शिकणे, राबणे आणि वाट पाहणे हे तिन्ही एकत्र असे. १९६१ च्या अॅप्रेंटिस कायद्याला मराठीत 'शिकाऊ उमेदवार कायदा' म्हणतात, याचा मला आनंद वाटतो. ज्या विषयात मी वाचकाला बोलावतो आहे, त्याचे सगळे सूत्र या जोडशब्दात आहे.

विषय असा: दहावी-बारावी होऊन शाळा सोडलेला मुलगा किंवा मुलगी पैशाच्या व्यवहारात शिरते, ती नेमके काय शिकते, कोणाकडून शिकते आणि त्या शिकण्याची नोंद कुठे होते. अभ्यासासाठी मी परभणी जिल्हा निवडला, कारण इथे हा प्रश्न उघड्यावर दिसतो. मोंढ्यातले आडत दुकान, कर सल्लागाराची दोन खोल्यांची कचेरी, पतसंस्थेची पिग्मी, बँकेचे ग्राहक सेवा केंद्र. सेलू, मानवत, गंगाखेड, जिंतूर, कुठेही जा, या चार प्रकारच्या जागांपैकी एका ठिकाणी अठरा-एकोणीस वर्षांचे कोणीतरी संगणकापुढे किंवा वहीपुढे बसलेले असते. आपण त्यांना 'कामाला ठेवलेला पोरगा' म्हणतो. शिकाऊ उमेदवार म्हणत नाही. अभ्यासाची सुरुवात या नाव न देण्यापासून होते, असे माझे मत आहे.

जुन्या काळाकडे थोडे थांबून पाहू. १९४८ पर्यंत परभणी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती आणि संस्थानाचे चलन वेगळे होते. घरचा रुपया 'हाली', इंग्रजी मुलखाचा रुपया 'कलदार'. सात हाली म्हणजे सहा कलदार, असा सर्वसाधारण भाव. कापसाची गाठ मुंबईकडे गेली की पैसे कलदारात यायचे आणि शेतकऱ्याचे देणे हालीत भागवायचे. शंभर कलदारांचे हाली किती? ११६ रुपये १० आणे ८ पै. हा हिशोब ज्याला तोंडी येई, त्याच्या हातात वही देता येई. १९४१ च्या कायद्याने हैदराबाद स्टेट बँक उभी राहिली. पुढे तीच स्टेट बँक ऑफ हैदराबाद झाली आणि २०१७ मध्ये भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली. पण बँक येण्याच्या कितीतरी आधीपासून दुकानाची ओटी हीच शाळा होती, आणि तिला स्वतःचा अभ्यासक्रमही होता: कच्ची नोंद, मग रोजकीर्द, मग खतावणी, मग तेरीज, शेवटी ताळेबंद. जमा आणि नावे या दोन बाजू. दिवस संपताना गल्ल्यातली रोकड आणि रोजमेळ जुळला नाही तर कोणी उठत नसे. चार आण्यांचा फरक असला तरी तो खिशातून भरून मिटवायचा नाही, शोधून काढायचा, हा या शिक्षणाचा गाभा. खिशातून भरलेला फरक चूक लपवतो. पुढे मोठ्या रकमा हाताळायच्या माणसाला ती सवय लागली, तर ती घातक ठरते.

आता पिग्मी. अभ्यासकांनी या व्यवहाराकडे फारच कमी लक्ष दिले आहे. रोज थोडी बचत दारावर येऊन गोळा करण्याची ही पद्धत १९२८ मध्ये कर्नाटकच्या किनारपट्टीवर टी. एम. ए. पै यांच्या बँकेने सुरू केली. तीच पुढची सिंडिकेट बँक. दोन आण्यांपासून सुरुवात होती. मराठवाड्यात पतसंस्था आणि नागरी बँकांनी ही पद्धत घराघरात नेली. पिग्मी गोळा करणाऱ्याला बहुधा पगार नसतो, कमिशन असते. तो रोज त्याच चहावाल्याकडे, त्याच टेलरकडे, त्याच भाजीवालीकडे जातो. पाऊस लांबला की कोणाची पिग्मी आधी थांबते, लग्नसराईत कोणाची वाढते, 'उद्या ये' हे टाळणे आहे की खरी अडचण, हे त्याला कळू लागते. कर्ज द्यायचे की नाही हे ठरवणाऱ्या अधिकाऱ्याला नेमके हेच ज्ञान हवे असते. ते या पोराकडे असते, आणि त्याच्या कोणत्याही प्रमाणपत्रावर ते लिहिलेले नसते. याचे मला मनापासून वाईट वाटते.

कायद्याने काय केले? १९६१ चा कायदा कारखान्यातली कामे समोर ठेवून केलेला होता: फिटर, टर्नर, वेल्डर. १९७३ मध्ये त्यात अभियांत्रिकीचे पदवीधर आणि पदविकाधारक आले, १९८६ मध्ये बारावीपर्यंत व्यवसाय शिक्षण घेतलेले. टेबलावरच्या कामांना दार नीट उघडले ते २०१४ च्या दुरुस्तीने. २०१९ च्या नियमांनी दहावी झालेल्या उमेदवाराला महिना किमान ६,००० आणि बारावी झालेल्याला ७,००० रुपये विद्यावेतन ठरवले. मात्र उमेदवार घेण्याचे बंधन आहे तीस किंवा जास्त माणसे असलेल्या आस्थापनांवर. गंगाखेडच्या कर सल्लागाराकडे तीस माणसे कुठून येणार? ज्यांच्यावर बंधन आहे त्या सरकारी बँकांच्या शिकाऊ उमेदवारीच्या जाहिराती पाहिल्या तर त्या पदवी मागतात. २०२४ मध्ये आलेल्या पंतप्रधान इंटर्नशिप योजनेत सुरुवातीला बारावी चालत होती, पण वय किमान २१ लागत होते. अठराव्या वर्षी शाळा सोडलेल्या मुलीने मधली तीन वर्षे काय करायचे? २०२४ मध्येच राज्याने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. तिच्यात बारावी झालेल्यांना महिना ६,००० रुपये मिळत, मुदत सहा महिने, पुढे वाढवून अकरा. त्या अकरा महिन्यांनंतरचा काळ हा संशोधनाचा उत्तम विषय आहे आणि तो इथल्या तरुण अभ्यासकाने घ्यावा.

बारावीनंतर थेट निघणारी, नियमांत बांधलेली एक वाट आहे: सनदी लेखापालाची. फाउंडेशन, इंटरमीडिएट आणि मग आर्टिकलशिप, जी २०२३ पासून तीनऐवजी दोन वर्षांची झाली. वाट चांगली आहे, पण लांब आणि अवघड आहे. तुलनेसाठी जर्मनी पाहा. तिथे बँकेच्या शाखेत काम शिकणाऱ्या मुलाशी करार होतो. तो काही दिवस शाळेत आणि बाकीचे दिवस शाखेत असतो, आणि शेवटी परीक्षा देऊन मान्यताप्राप्त व्यवसायाचा धनी होतो. १९६९ च्या तिथल्या कायद्याने ही घडी पक्की केली. तिची नक्कल परभणीत जशीच्या तशी होणार नाही. पण करार, शिक्षक आणि परीक्षा या तीन गोष्टी एका ठिकाणी आणता येतात, हे तिथे दिसते.

मुलींचे मला वेगळे सांगायचे आहे. महाराष्ट्राच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाचे नाव 'उमेद' आहे. २०११ पासून त्यातून गावोगावच्या बचत गटांची पुस्तके कोणी ना कोणी लिहिते आहे: कर्ज, व्याज, हप्ता, दंड, शिल्लक. अनेकदा ही लिहिणारी गावातली दहावी-बारावी झालेली सून असते. काहींच्या हाती पुढे बँक सखीचे काम येते आणि त्या शाखेत बसून गटांची कागदपत्रे लावून देतात. आडत दुकानाच्या ओटीवर मुलींना जागा नव्हती. ही ओटी त्यांनी स्वतः बांधली. उमेदवारीचा इतिहास लिहिणाऱ्याने इथे एक प्रकरण राखून ठेवावे.

या विषयात येणाऱ्याने कोशांआधी इथली भाषा शिकावी. पीककर्जाचे 'नवं-जुनं' करणे म्हणजे जुने भरून त्याच हाताने नवे उचलणे. 'बेबाकी' म्हणजे काही देणे नाही असा दाखला. सातबाऱ्यावर 'बोजा चढवणे' आणि 'बोजा उतरवणे'. या शब्दांत मराठवाड्यातल्या शेतीचा पतपुरवठा राहतो, आणि ते शिकाऊ पोरगा पहिल्या महिन्यात उचलतो. मार्चअखेरीस कोणत्याही गावच्या शाखेत बसा, किंवा मृगाच्या आधीच्या आठवड्यात, जेव्हा सोयाबीन आणि कापसाच्या बियाण्यासाठी लोक रांगेत असतात. साहेबाच्या टेबलाकडे पाहू नका. रांगेतल्या म्हाताऱ्याचा सातबारा आणि आठ-अ हातात घेऊन, कुठला कागद कमी आहे हे त्याला त्याच्या भाषेत सांगणारे जे सर्वांत तरुण माणूस असेल, त्याच्या शेजारी खुर्ची मागा. वही बरोबर असू द्या, आणि संध्याकाळी त्याचा रोजमेळ बसेपर्यंत उठू नका.