वडिलार्जित कुरणाचे अरण्य

ब्राझीलच्या मिनास जेराइस राज्यात, दोसे नदीच्या खोऱ्यात, आयमोरेस नावाचे गाव आहे. तेथील फाझेंदा बुल्काव या शेतीवर आम्ही गेलो, तेव्हा डोक्यावर दाट सावली आणि पायांखाली ओला पाचोळा होता. विसाव्या शतकाच्या अखेरीस हे उघडेबोडके कुरण होते, हे आम्हांस खरे वाटेना.

या खोऱ्यात पूर्वी अटलांटिक अरण्य पसरले होते. लोखंडाच्या भट्ट्यांना कोळसा हवा, गुरांना चराई हवी, म्हणून ते तुटत गेले. तोडणारे दुष्ट नव्हते. त्यांना प्रपंच चालवायचा होता. पण झाडांमागून मातीही गेली, झरे आटले आणि अखेर गुरांनाही चारा पुरेना.

याच शेतीवर वाढलेले सेबास्तियाव साल्गादो लष्करी राजवटीमुळे १९६९ साली फ्रान्सला गेले व पुढे जगद्विख्यात छायाचित्रकार झाले. १९९४ च्या रुआंडातील नरसंहाराने ते तनामनाने खचले. आईवडिलांची जमीन हाती आली, तेव्हा बालपणी निम्म्याहून अधिक असलेले रान अर्धा टक्काही उरले नव्हते. पत्नी लेलिया म्हणाल्या, रान पुन्हा लावू या. १९९८ साली त्यांनी 'इन्स्तितुतो तेर्रा' ही संस्था स्थापिली आणि सुमारे ६०० हेक्टर जमीन कायद्याने राखीव झाली. डिसेंबर १९९९ मध्ये शाळकरी मुलांच्या हातून पहिली रोपे लागली. पहिल्या वर्षी त्यांतील ६० टक्के मेली. दुसऱ्या वर्षी ४० टक्के. तरी लागवड थांबली नाही. पुढे २० लाखांहून अधिक झाडे लागली. झरे वाहू लागले, पक्षी परतले.

तरीही एका रानाने नदी तरत नाही. ५ नोव्हेंबर २०१५ रोजी मारियानाजवळ खाणीचा बांध फुटला. १९ माणसे दगावली आणि लोहयुक्त गाळ दोसेतून समुद्रापर्यंत गेला. संस्था मात्र खोऱ्यातील शेतकऱ्यांच्या जमिनींवरील झरे राखण्याचे काम करीतच राहिली. साल्गादो २०२५ साली निवर्तले. झाडे वाढत आहेत.

परतताना आम्हांस वसईतील बुजलेली बावखले आठवली. तीही वाडवडिलांनी खणलेली आणि आम्हीच, प्रपंचासाठी, बुजविलेली. पूर्वजांना दोष देणे सोपे असते. साल्गादो दांपत्याने तो दिला नाही. वारशाबरोबर आलेले ऋण तेवढे आपले मानले. आमच्या वाट्याचे ऋण फेडायला आम्ही कोठून आरंभ करणार?