सुताराचे मूल आणि सूत

बलुतेदारीच्या जुन्या कागदांत हक्क सापडतात, तंटे सापडतात, खळ्यावरच्या धान्याचे वाटेही सापडतात. सुताराने गावाचे नांगर, कुळव, पाभरी, गाडे नीट राखावेत व सुगीस बलुते घ्यावे, हा व्यवहार सर्वश्रुतच आहे. परंतु ही विद्या बापाकडून लेकाकडे कशी गेली, याचा शोध आपल्या ज्ञातीच्या घरोघरच्या वळणातच घ्यावा लागतो.

'सुतार' हा शब्द संस्कृत 'सूत्रधार' या शब्दापासून आला आहे. गेरूच्या पाण्यात भिजविलेले सूत ओंडक्यावर ताणून धरावे आणि मधोमध चिमटीने उचलून सोडावे, म्हणजे तांबडी रेघ उमटते. तिच्यावरून करवत चालते. या सुताचे एक टोक बापाच्या हाती आणि दुसरे बहुधा पाच-सहा वर्षांच्या पोराच्या हाती असे. मूल हत्याराकडे धावावयाचेच. त्याला दटावण्याऐवजी शहाण्या घरांनी टोक धरावयास दिले. टोक हलले की रेघ चुके आणि रेघ चुकली की लाकूड वाया जाई. हे कळल्यावर वळवळे पोरही श्वास रोखून बसे. पुढे ढलप्या वेचणे, धार लावताना दगडावर पाणी सोडणे, आणि पुष्कळ उशिरा वाकस.

रंधा पात्यावर न ठेवता कुशीवर ठेवावा, हत्यार ओलांडू नये, पाय लागल्यास नमस्कार करावा, खंडेनवमीस हत्यारे धुऊन पुजावी व त्या दिवशी काम करू नये, हे नियम कोणी शिकवीत बसत नसे. कोणी यास भाबडेपणा म्हणतील. मला मात्र वाटते की, ओलांडण्याची मनाई घालणाऱ्याने उघड्या धारेजवळचे लहान पाऊल पाहिले असावे.

१८९० साली बडोद्यास कलाभवन निघाले; त्याचे प्रमुख त्रिभुवनदास गज्जर हे सुतार घराण्यातलेच. १९१० साली किर्लोस्करवाडी वसली, लोखंडी नांगर गावोगाव पोहोचला आणि लाकडी नांगराचे काम ओसरत गेले. १९३७ साली वर्धा येथील परिषदेत हस्तोद्योगातून शिक्षणाचा विचार मांडला गेला. नेमक्या त्याच काळात आपल्यातील पुष्कळ बाप मुलांस सांगू लागले, "हत्याराला हात लावू नकोस, पुस्तक धर." त्यांना दोष कसा द्यावा? खळ्यावर पदर पसरण्याची लाज त्यांनी सोसली होती.

आता विजेची करवत आली. तिच्याजवळ मुलास फिरकू न देणेच योग्य. आकडा लावलेली सुताची डबी आली, तेव्हा दुसरे टोक धरण्यास कोणी लागेनासे झाले. घरातील जुनी पेटी भंगारात घालण्यापूर्वी ज्ञातिबांधवांनी वडीलधाऱ्यांकडून त्यातील प्रत्येक हत्याराचे नाव तेवढे वहीत उतरवून घ्यावे, व त्या वेळी नातवंडांस जवळ बसवावे, ही विनंती.