वुल्व्हरीन

वुल्व्हरीन (शास्त्रीय नाव: गुलो गुलो) हा उत्तर गोलार्धातील हिमाच्छादित अरण्यांत, पर्वतांत आणि टुंड्रा प्रदेशात राहणारा मांसाहारी सस्तन प्राणी आहे. नॉर्वे, स्वीडन, फिनलंड, रशिया, मंगोलिया, ईशान्य चीन, अलास्का, कॅनडा आणि अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील पश्चिमेकडचे उंच डोंगर हे त्याचे मुख्य निवासस्थान होय. भारतात तो आढळत नाही. त्याचा समावेश मुस्टेलिडी कुलात होतो. कोकणातील खाड्यांत दिसणारे पाणमांजर याच कुलातले. मुंगसाशी रूपाचे थोडे साम्य वाटले तरी मुंगसाचे कुल मात्र वेगळे आहे. या कुलातील जमिनीवर राहणाऱ्या प्राण्यांत वुल्व्हरीन आकाराने सर्वांत मोठा आहे.

नाव आणि त्याचे अर्थ

या प्राण्याला मराठीत स्वतंत्र नाव नाही. इंग्रजी नावच देवनागरीत रूढ झाले आहे. इंग्रजी शब्दाच्या मुळाशी लांडगा या अर्थाचा 'वुल्फ' हा शब्द आहे. प्रत्यक्षात लांडग्याशी या प्राण्याचे जवळचे नाते नाही.

शास्त्रीय नावाची कथा अधिक बोधक आहे. लॅटिन भाषेत 'गुलो' म्हणजे खादाड. स्वीडिश धर्मगुरू ओलाउस माग्नुस याने १५५५ साली रोम येथे प्रसिद्ध केलेल्या उत्तरेकडील लोकांविषयीच्या ग्रंथात या प्राण्याचे वर्णन केले. पोट तट्ट फुगेपर्यंत हा खातो, मग दोन झाडांच्या बेचक्यात अंग दाबून पोट रिकामे करतो आणि पुन्हा खायला बसतो, असे त्याने लिहिले. ही गोष्ट खरी नसली तरी पुढे ती दीर्घकाळ प्रचारात राहिली. लिनियस याने १७५८ मध्ये या प्राण्याचे नामकरण 'मुस्टेला गुलो' असे केले. १७८० मध्ये पालास याने 'गुलो' ही स्वतंत्र प्रजाती मानली आणि खादाडपणाचा शिक्का नावात दोनदा उमटला. अमेरिकेतील वुल्व्हरीनला लिनियसने चक्क अस्वलांत घातले होते. त्याला दिलेल्या नावातील 'लस्कस' या शब्दाचा अर्थ एकाक्ष, आणि तो शब्द अमेरिकी उपजातीच्या नावात आजही टिकून आहे.

जर्मन भाषेतील 'फीलफ्रास' या नावाचाही अर्थ 'पुष्कळ खाणारा' असाच होतो. पण ते बहुधा ऐकण्यातील घोटाळ्यातून आले असे मानले जाते. जुन्या नॉर्वेजियन भाषेत 'फ्येलफ्रोस' म्हणजे डोंगरातील बोका. कातड्यांच्या व्यापारात हा शब्द जर्मन कानांवर पडला आणि त्यांनी तो आपल्या ओळखीच्या शब्दांत बसवला. फ्रेंच 'ग्लुतों' हे नावही त्याच अर्थाचे आहे. कॅनडातील फ्रेंच लोक मात्र 'कार्काजू' म्हणतात. तो शब्द तेथील इनू लोकांच्या भाषेतून आला असून इनू लोककथांत हा प्राणी खादाड म्हणून नव्हे, तर चतुर व खोडकर नायक म्हणून वावरतो. ज्यांनी त्याला जवळून पाहिले त्यांनी त्याची बुद्धी पाहिली, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

शरीररचना

दिसायला हा लहान अस्वलासारखा असतो. शेपूट सोडून लांबी साधारण ६५ ते १०५ सें.मी. आणि प्रौढ नराचे वजन बहुधा ११ ते १८ किलो भरते; मादी त्याहून लहान असते. अंगावर गडद तपकिरी दाट केस आणि दोन्ही कुशींवरून शेपटीकडे जाणारा फिकट पट्टा असतो. पंजे शरीराच्या मानाने फार रुंद असल्यामुळे तो भुसभुशीत हिमात रुतत नाही. खोल हिमात रेनडिअरसारखे जड प्राणी अडखळतात, तेव्हा हाच त्याचा मोठा लाभ ठरतो. केसांवर साचलेले दव-हिम सहज झटकता येते. म्हणून आर्क्टिक प्रदेशातील लोक अंगरख्याच्या टोपीची कड या कातड्याने मढवतात.

आहार

उन्हाळ्यात तो लहान सस्तन प्राणी, पक्षी, अंडी व फळेही खातो. हिवाळ्यात त्याचा निर्वाह मुख्यतः मेलेल्या किंवा लांडगे आणि लिंक्स यांनी मारलेल्या प्राण्यांच्या मांसावर होतो. बळकट जबडे आणि दाढा यांच्या साहाय्याने तो गोठलेले मांस व हाडे फोडतो. एका वेळी सर्व संपत नाही. उरलेले तो हिमात, दगडांच्या फटींत पुरून ठेवतो. थंडी तेथे शीतकपाटाचे काम करते. आपल्याकडे पावसाळ्यापूर्वी घरोघरी बेगमी केली जाते, तोच हा प्रकार. मुंगीने साठवले तर ती उद्योगी आणि वुल्व्हरीनने साठवले तर तो हावरा, हा न्याय माणसाने लावलेला आहे.

प्रजनन

समागम उन्हाळ्यात होतो, परंतु गर्भाचे रोपण हिवाळ्यापर्यंत लांबते. फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास मादी खोल हिमात खणलेल्या बिळात बहुधा दोन-तीन पिलांना जन्म देते. पिले जन्मतः पांढरी असतात. वसंत ऋतूतही टिकून राहणारे हिम पिलांना ऊब व संरक्षण देते. तसेच साठवलेले अन्नही त्या काळात मादीच्या उपयोगी पडते.

माणूस आणि संवर्धन

वुल्व्हरीन अल्प संख्येने व विरळ राहतो. एका नराचे क्षेत्र अनेकदा ५०० चौरस किलोमीटरहून मोठे असते. त्यामुळे रस्ते, वस्ती व शिकार यांचा परिणाम त्याच्यावर लवकर होतो. जागतिक पातळीवर जाती संकटग्रस्त मानली जात नाही. अमेरिकेने मात्र अलास्का वगळता देशाच्या मुख्य भूमीतील वुल्व्हरीनला नोव्हेंबर २०२३ मध्ये संरक्षण दिले. हवामानबदलामुळे घटणारे वसंतातील हिम हे त्यामागील एक प्रमुख कारण होते.

स्कँडिनेव्हियात प्रश्न निराळा आहे. तेथील सामी पशुपालकांचे रेनडिअर वुल्व्हरीन मारतो आणि हे नुकसान खरे असते, कल्पित नव्हे. स्वीडनने १९९६ पासून मेलेल्या रेनडिअरांची मोजदाद करण्याऐवजी, सामी पशुपालक गटाच्या क्षेत्रात वुल्व्हरीनची किती विणे नोंदली गेली त्यानुसार पैसे देण्याची पद्धत सुरू केली. बिळात पिले जगली तर त्याचा लाभ पशुपालकालाही मिळू लागला. त्यानंतर स्वीडनमध्ये या प्राण्याची संख्या वाढली.

नावाचे इतर वापर

मराठी वाचकाला हा शब्द बहुधा चित्रपटांमुळे परिचित असतो. मार्व्हल कॉमिक्समध्ये १९७४ साली अवतरलेले वुल्व्हरीन हे पात्र मूळचे कॅनडातील आहे. २००० सालापासून चित्रपटांत ती भूमिका ह्यू जॅकमन याने केली. बुटका बांधा, नख्या आणि माघार न घेण्याची वृत्ती या प्राण्याशी जुळतात. जखमा क्षणात भरून येणे ही निव्वळ कल्पना.

अमेरिकेतील मिशिगन राज्याला 'वुल्व्हरीन राज्य' म्हणतात आणि मिशिगन विद्यापीठाचे क्रीडासंघही याच नावाने ओळखले जातात. त्या राज्यात या प्राण्याची स्थिर वस्ती नाही. २००४ साली तेथे एक वुल्व्हरीन दिसला, तेव्हा ती मोठी बातमी झाली. २०१० मध्ये तो मृतावस्थेत सापडला.