शाकुंतलापासून फुलराणीपर्यंत : जुने नाटक, नवा प्रेक्षक



मराठी नाटक आणि गणपती यांचे नाते आपल्या सार्वजनिक उत्सवाहूनही जुने आहे. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी सांगलीला ‘सीतास्वयंवर’ सादर केले. त्या वेळच्या खेळांत आधी गणपती आणि सरस्वती रंगमंचावर येत आणि मगच आख्यान सुरू होई. आपण बंगळूरकरांनी अभिमानाने सांगावी अशी गोष्ट म्हणजे या नाटकामागची प्रेरणा कर्नाटकातली होती. उत्तर कानडा भागातल्या भागवत मंडळींचे खेळ सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांनी पाहिले आणि तसे काही मराठीत करण्याचे काम भाव्यांवर सोपवले. म्हणजे मराठी नाटकाचा जन्मच मुळी दुसऱ्यांचे पाहून, ते आपल्या माणसांना रुचेल असे करून घेण्यातून झाला.

हे आठवण्याचे कारण असे, की दर वर्षी उत्सवाचे नाटक ठरवायला बसलो की तोच वाद होतो. ज्येष्ठ मंडळींना ‘सौभद्र’ किंवा ‘शाकुंतल’ हवे असते. तरुण म्हणतात, एवढी पदे, एवढी भाषा कुणाला झेपणार? मग कुणीतरी सुचवते, “कापून करू.” त्यावर उत्तर येते, “कापायचे असेल तर करूच नका.” शेवटी एखादा फार्स ठरतो आणि सगळे निमूट घरी जातात. अभिजात नाटकाला हात लावणे म्हणजे त्याची विटंबना, ही समजूत कितपत खरी आहे, हे नाटकांच्या इतिहासालाच विचारून पाहू.

कालिदासाने काय केले?

शकुंतलेची कथा मूळ महाभारताच्या आदिपर्वातली. तिथे ना अंगठी आहे, ना दुर्वासांचा शाप. शकुंतला मुलाला घेऊन दरबारात येते, दुष्यंताला सारे आठवत असते आणि तरीही तो तिला नाकारतो. ती भर सभेत त्याला खडे बोल सुनावते. अखेर आकाशवाणी होते तेव्हा राजा कबूल करतो, की मला माहीत होते, पण नुसत्या तिच्या शब्दावर स्वीकारले असते तर लोकांनी संशय घेतला असता.

कालिदासाने आपल्या काळच्या प्रेक्षकांसाठी या कथेत शाप आणला, अंगठी आणली, ती गिळणारा मासा आणला. धीरोदात्त नायकाला खोटे बोलताना दाखवणे त्याला नको होते. बदल लहान नव्हता; नायकाचा सगळा अपराधच त्याने विस्मृतीवर टाकला. पण एक गोष्ट त्याने तशीच ठेवली : विश्वासाने आलेली स्त्री आणि तिला भर दरबारात नाकारणारा पुरुष. तो पाचवा अंक काढला तर ‘शाकुंतल’ उरतच नाही. ज्याला आपण मूळ संहिता म्हणून जपतो, ती स्वतःच एक रूपांतर आहे.

अण्णासाहेबांची कचेरी आणि रंगभूमी

१८६० च्या आसपास परशुरामपंत तात्या गोडबोले यांनी ‘वेणीसंहार’, ‘उत्तररामचरित’, ‘शाकुंतल’, ‘मृच्छकटिक’ अशी संस्कृत नाटके मराठीत आणली. विद्वानांनी ती वाचली, वाखाणली. ‘शाकुंतल’ सामान्य माणसाच्या ओठांवर आले ते मात्र बळवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्करांमुळे. हेही बेळगाव भागातल्या गुर्लहोसूरचे, म्हणजे आपल्याच कर्नाटकातले. रेव्हेन्यू कमिशनरच्या कचेरीतली नोकरी सांभाळून त्यांनी नाटकाचा उद्योग मांडला. ऑफिस सुटल्यावर तालमीला धावणाऱ्या आपल्या मंडळींनी हे जरूर लक्षात ठेवावे!

३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात ‘संगीत शाकुंतल’चे पहिले चार अंक रंगले. भाव्यांच्या पद्धतीत पदे सूत्रधार म्हणे आणि पात्रे उत्स्फूर्तपणे भाषणे करीत. किर्लोस्करांनी संवाद लिहून दिले आणि पात्रांच्या तोंडीच गाणी दिली. कालिदासाच्या श्लोकांचा भाव त्यांनी साकी, दिंडी, कीर्तनातल्या आणि लावणीच्या चाली, कर्नाटकी वळणाच्या चाली यांत बसवला. या चाली प्रेक्षकांच्या कानांवर आधीपासून होत्या, म्हणून कालिदास त्यांना परका वाटला नाही. दोन वर्षांनी आलेल्या ‘सौभद्र’मध्ये तर कृष्ण, बलराम आणि सुभद्रा एखाद्या नांदत्या मराठी वाड्यातल्या माणसांसारखी बोलतात, रुसतात.

साधारण याच काळात म्हैसूर दरबारच्या आश्रयाला असलेले बसवप्पा शास्त्री ‘शाकुंतल’ कन्नडमध्ये आणत होते. शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’चेही त्यांनी ‘शूरसेन चरित्रे’ केले. इकडे किर्लोस्करांचे शिष्य गोविंद बल्लाळ देवल यांनी ‘मृच्छकटिक’ संगीत केले आणि ‘ऑथेल्लो’चा ‘झुंझारराव’ (१८९०) केला. दोन शेजारच्या भाषा एकाच वेळी एकाच वाटेने चालत होत्या.

हॅम्लेट मराठी बोलू लागला

गोपाळ गणेश आगरकरांनी ‘हॅम्लेट’चे ‘विकारविलसित’ (१८८३) केले. त्यातले काही लेखन डोंगरीच्या तुरुंगातले. त्या संहितेत प्राण फुंकला तो शाहूनगरवासी नाटक मंडळीच्या गणपतराव जोशी यांनी आणि त्यांच्याबरोबर स्त्रीभूमिका करणाऱ्या बाळाभाऊ जोगांनी. इंग्रजीचा गंध नसलेला प्रेक्षकही हॅम्लेटच्या दुःखात सामील झाला. ‘टेमिंग ऑफ द श्रू’ला वासुदेव बाळकृष्ण केळकरांनी नुसते ‘त्राटिका’ हे नाव दिले आणि अर्धे काम तिथेच झाले. रामायणातल्या त्या नावाचा अर्थ सांगण्याची गरजच नव्हती!

पुढे वि. वा. शिरवाडकरांनी ‘मॅकबेथ’चा ‘राजमुकुट’ (१९५४) केला, ‘ऑथेल्लो’ (१९६१) केला आणि १९७० मध्ये ‘नटसम्राट’ दिले. ‘नटसम्राट’ हे ‘किंग लिअर’चे भाषांतर नव्हे, पण लिअरची सावली त्यावर स्पष्ट आहे. राजाच्या जागी निवृत्त नट गणपतराव बेलवलकर आला आणि राज्याच्या वाटणीच्या जागी आयुष्यभराची पुंजी. ज्या घरी जावे त्या घरी आपण हळूहळू अडचण होत जातो, हे दुःख तेच राहिले. आपल्या प्रेक्षकांत पुण्याचे, सांगलीचे, नागपूरचे घर आवरून मुलांकडे राहायला आलेले कितीतरी आईवडील असतात. सुदैवाने बहुतेकांची मुले, सुना, जावई प्रेमाने वागणारे आहेत. तरीही ‘नटसम्राट’चा प्रवेश सुरू झाला की सभागृहात जी शांतता पसरते, तिचे कारण वेगळे सांगायला नको.

पदे कमी झाली, गाणे राहिले

संगीत नाटकांच्या बाबतीत कात्री हा शब्द उच्चारणेही पाप मानले जाते. ‘संगीत शाकुंतल’मध्ये दोनशेहून अधिक पदे होती. रात्रभर चालणाऱ्या खेळाला ती शोभत. पण पुढच्या काळात संगीत नाटक टिकले ते काळाप्रमाणे बदलल्यामुळेच. पं. जितेंद्र अभिषेकी यांनी ‘मत्स्यगंधा’ (१९६४) आणि ‘कट्यार काळजात घुसली’ (१९६७) यांसारख्या नाटकांत पदे आटोपशीर आणि प्रसंगाला धरून ठेवली. ‘कट्यार’ २०१० मध्ये नव्या पिढीने पुन्हा रंगमंचावर आणले, २०१५ मध्ये त्यावर चित्रपट आला आणि शास्त्रीय संगीत कधी न ऐकलेली आपली मुलेही त्यातली गाणी गुणगुणू लागली. तेव्हा आपल्या उत्सवात, ध्वनिक्षेपकाच्या रात्री दहाच्या मर्यादेत ‘सौभद्र’ बसवायचे असेल तर निवडक दहा-बारा पदे घेऊन ते दोन तासांत करण्यात कमीपणा कसला?

फुलराणी आणि आपली मुले

शेवटचे उदाहरण मला सर्वांत जवळचे वाटते. बर्नार्ड शॉच्या ‘पिग्मॅलिअन’वरून पु. ल. देशपांडे यांनी ‘ती फुलराणी’ (१९७५) लिहिले. लंडनच्या रस्त्यावरची बोली मराठीत आणायची कशी? पुलंनी ती आणलीच नाही. त्यांनी मुंबईच्या रस्त्यावरची मराठी घेतली आणि शुद्ध-अशुद्ध भाषेवरून माणसाची किंमत ठरवणाऱ्या आपल्या समाजाला आरसा दाखवला. भक्ती बर्वे यांची मंजू ज्यांनी पाहिली, ते ती विसरले नाहीत.

आता आपल्याकडे पाहा. इथे वाढलेल्या मुलांच्या मराठीत कन्नड येते, हिंदी येते, इंग्रजी तर येतेच. ‘ण’ आणि ‘न’ची सरमिसळ होते. देवनागरी वाचायला वेळ लागतो, म्हणून काही जण संवाद रोमन लिपीत लिहून पाठ करतात. अशा मुलाला पहिल्याच तालमीत उच्चारांवरून सर्वांसमक्ष टोकले की दुसऱ्या तालमीला ते येत नाही, आणि पुढच्या वर्षी प्रेक्षकांतही नसते. उच्चार सुधारावेत, जरूर सुधारावेत, पण चार महिन्यांच्या सवयीने आणि मायेने. नाहीतर ‘ती फुलराणी’ पाहून टाळ्या वाजवणारे आपणच घरी त्या प्राध्यापकासारखे वागतो, असे व्हायचे!

मग काय करावे?

या सगळ्या थोर मंडळींनी एकच पथ्य पाळलेले दिसते. वेळ, पदांची संख्या, स्थळ, पोशाख, बोली हे त्यांनी आपापल्या प्रेक्षकाकडे पाहून बदलले. ज्या प्रसंगी प्रेक्षकाला “मी असतो तर काय केले असते?” हा प्रश्न पडतो, तो प्रसंग मात्र त्यांनी राखला. आपणही कात्री हातात घेण्यापूर्वी तो प्रसंग कोणता हे सर्वांनी बसून ठरवावे. ‘शाकुंतल’ करायचे तर आश्रमातली वर्णने कमी करा, विदूषकाला चार आजचे विनोद द्या, पण दरबाराच्या प्रवेशातला एक शब्दही घाईत उरकू नका. एखाद्या मुलीने विचारले, “राजा विसरला म्हणून त्याची चूक माफ का?” तर तिला गप्प करू नका. तिला महाभारतातली शकुंतला वाचायला द्या. कदाचित तीच पुढच्या वर्षीची दिग्दर्शिका असेल.

आणि उलटेही लक्षात ठेवावे. सगळे बदलून फक्त नाव जुने ठेवणे हेही रूपांतर नव्हे. जाहिरातीत ‘सौभद्र’ आणि रंगमंचावर सिनेमाच्या गाण्यांची भेंडी, असे होऊ नये.

भाव्यांच्या मागे भागवत मंडळी होती आणि किर्लोस्करांच्या मागे कालिदास. आपल्या मागे तर हे सगळेच आहेत. येत्या वर्षी तालमी जूनमध्येच सुरू कराव्यात, आणि संहितेच्या पहिल्या वाचनाला आजोबा आणि नातू दोघांनाही बोलवावे, एवढीच विनंती. विघ्नहर्ता पाठीशी आहेच.

गणपती बाप्पा मोरया!